काचेकडे तोंड करून

गुणाजी काचेसमोर उभा राहिला आणि बोलू लागला, पण आवाज आला नाही. चंद्रप्रकाशला क्षणभर वाटले, आपल्याच कानांचे काही बिघडले असावे. मग मागच्या आवारात कुणी बादली ठेवल्याचा आवाज त्याला ऐकू आला, ताडाच्या झावळ्यांची सळसळ ऐकू आली, सांताक्रूझच्या दिशेने उतरणाऱ्या विमानाची घरघर छपरावरून गेली. आणि तरीही दोन हात अंतरावर उभ्या असलेल्या या माणसाचे ओठ भराभर हलत होते, भुवया वर चढत होत्या, उजव्या हाताची दोन बोटे हवेत तुटला धागा सांधावा तशी एकमेकांना भिडत होती, आणि त्या साऱ्या खटाटोपातून एक अक्षरही बाहेर पडत नव्हते. काचेच्या पलीकडे, चार नंबरच्या खाटेवर, तीन उशांना टेकवून बसवलेले त्याचे वडील गुणाजीकडे पाहत होते. त्यांचेही ओठ हलत होते. ओठ हलताना त्याने यापूर्वीही पाहिले होते. ऑक्टोबरात शस्त्रक्रिया होऊन आवाज गेल्यापासून ते असे तोंड हलवीत, आणि तो दर वेळी पुढे होऊन म्हणे, ‘बाबा, बोलू नका, त्रास होईल,’ आणि त्यांच्या हातात पाटी देई. आज पाटी उशाशी होती आणि तिची कुणालाही आठवण नव्हती. एकाएकी गुणाजीने मान मागे टाकली, त्याचे पोट हलले. पलीकडे वडिलांचे, दत्तारामांचे, खांदे हलले, गळ्यातल्या नळीपुढे बांधलेला पातळ कापडाचा पडदा थरथरला. दोघे हसत होते.

आश्रमाचे दार चार वाजता उघडे. त्याआधी खाटांवरच्या चादरी बदलल्या जात, ज्यांच्या गळ्यात नळ्या होत्या त्यांच्या नळ्या साफ होत, आणि तोवर भेटीला आलेल्यांनी व्हरांड्यात थांबायचे असा नियम होता. मरोळच्या गावठाणात, क्रुसाच्या चौथऱ्यापासून आत वळले की हा जुना बंगला लागे. एका कॅथलिक कुटुंबाने तो जोगिणींना, म्हणजे नन्सना, दिला होता, आणि त्यांनी पुढचा व्हरांडा तसाच ठेवून मधल्या दिवाणखान्याला काचेची भिंत घालून पुरुषांच्या आठ खाटा मांडल्या होत्या. इथे कुणाला बरे करण्यासाठी आणत नसत. ही गोष्ट सिस्टर हिल्डाने पहिल्याच दिवशी, टेबलावरचा शाईचा डाग नखाने खरवडीत, इतक्या साधेपणाने सांगितली होती की चंद्रप्रकाशला ती पाण्याच्या वेळांसारखी वाटली. दुखणे जाईल, आजार जाणार नाही. औषध सहाला, दहाला, दोनला, पुन्हा सहाला. दुखायची वाट न पाहता. आणि रोग्याने विचारले तर आम्ही खोटे सांगत नाही. त्याने विचारले नाही तर त्याच्यावर लादतही नाही.

गुणाजी वळला. “बरो आसा रे,” तो कपाळ पुसत म्हणाला. “पेज गावता म्हणता, पण मीठ कमी घालतत. नि तो कोपऱ्यातलो म्हातारो रातभर घोरता म्हणता. गिरणीच्या भोंग्यासारो.”

“हे तुम्हाला कसं कळलं?”

“कसा म्हंजे? सांगल्यान मा तेणां.”

“काका, त्यांना आवाज नाही.”

“आवाज कित्याक होयो?” आराखडा उलटा धरलेल्या माणसाकडे पाहावे तसे गुणाजीने त्याच्याकडे पाहिले. “अरे, गिरणीच्या साचेखात्यात, मागांवर, बत्तीस वर्सां काढलव आम्ही. पाचशे साचे एकदम चलतत थंय. कानाकडे बॉम्ब फोडलो तरी आयकाक येवचो नाय. तोंडान बोलूचा नि डोळ्यांनी आयकूचा. मुकादमाक, जॉबराक, गाळी घालूच्यो झाल्यो तर पाठ करून घालूच्यो, नायतर पन्नास हातांवरना तेका कळता!” तो पुन्हा हसला. “तुका म्हायत नाय? दत्तूचो झील तू, ड्राफ्समन सायब!”

चंद्रप्रकाशला ठाऊक होते. बोचले ते नेमके हेच. ठाऊक नसते तर ती एक गंमत झाली असती, घरी जाऊन बायकोला, सुलक्षणाला, चहाबरोबर सांगण्यासारखी. चार वाजले, सिस्टरने आतून कडी काढली, तो म्हणाला, “चला, आत चला ना.” गुणाजीने चप्पल पायात सरकवली. “आत जावन काय करू? बोलून झाला.” आणि काचेकडे एकदा हात उंचावून तो पायऱ्या उतरला.

क्रुसाच्या चौथऱ्यापर्यंत चंद्रप्रकाश त्याच्याबरोबर गेला. चौथऱ्यावर झेंडूचा वाळका हार आणि विझलेल्या मेणबत्त्यांचे ओघळ होते. गुणाजी तंबाखू मळीत राहिला. त्या मळण्याकडे पाहत, शक्य तितक्या सहज स्वरात, चंद्रप्रकाशने विचारले, “माझ्याबद्दल काही म्हणाले का?”

“तुझ्याबद्दल? तू काय साचो आसस, तुझ्याबद्दल बोलूक?” पण त्याचे हसणे अर्ध्यावरच थांबले. त्याने तंबाखू ओठाखाली ठेवली, हात झटकले. “एक सांगतंय चंदू. माका इचारू नको. दोन साचेवाले बोलले ता तिसऱ्याक सांगूचा नाय, असो आमचो कायदो. तेका इचार.”

“काय विचारू?”

“ताच. तू तेका कधी कायव इचारलंस?”

मरोळ नाक्याच्या दिशेने तो चालू लागला. एक पाय किंचित ओढीत चालायची त्याची सवय होती. पाठीमागून तो वडिलांसारखा दिसे, किंवा सगळेच साचेवाले पाठीमागून एकसारखे दिसत असावेत. चंद्रप्रकाश परत आला, पण खोलीत गेला नाही. बंगल्याच्या बाजूला चिंचेखाली सिमेंटचे बाक होते, त्यावर बसला. फेब्रुवारीचे ऊन जमिनीवर बारीक पानांच्या जाळीतून सांडले होते. पवईच्या ज्या कारखान्यात तो आराखडे काढी, तिथे प्रत्येक वस्तूची तीन दृश्ये काढायची असत: वरून, समोरून, बाजूने. चौदा वर्षे हे काम करून त्याला अशी सवय लागली होती की कोणतीही वस्तू मनात फिरवून तो तिची न दिसणारी बाजू पाहू शके. आता त्याने आपल्यालाच फिरवले. चार नंबरच्या खाटेवरून, तीन उशांच्या उंचीवरून, दहा हात अंतरावरून, काचेच्या पलीकडे व्हरांड्याच्या स्वच्छ उजेडात उभा असलेला एक छत्तीस वर्षांचा माणूस त्याला दिसला. खिशाला पेन, हातात टिफिनची पिशवी. तो शेजारच्या पांढऱ्या झग्यातल्या बाईशी बोलत होता, आणि बोलताना बाईकडे न बघता काचेकडे बघत होता. आणि हसत होता.

हे हसणे त्याने मुद्दाम योजले होते. वडिलांना संशय येऊ नये म्हणून. पहिल्या दिवशी सिस्टर हिल्डाच्या टेबलाशी उभे राहून तो म्हणाला होता, “त्यांना काही सांगितलेलं नाही. गळ्याला गाठ होती, ती काढली, एवढंच ठाऊक आहे,” आणि हे सांगताना त्याने काचेतून वडिलांकडे पाहून मान हलवली होती, जणू सिस्टर जेवणाच्या वेळा सांगते आहे आणि त्या सोयीच्या आहेत. मग म्हणाला होता, “डॉक्टर म्हणाले, फार तर महिना.” हसत. मग, “माझी रजा आहे ती जेमतेम शिल्लक आहे, सिस्टर. त्यात झालं तर बरं.” हे शेवटचे वाक्य त्याने उच्चारले होते की नाही याविषयी तो आता बराच वेळ साशंक राहू पाहत होता; पण शब्दच काय, ते म्हणतानाची तोंडातली वेलदोड्याची चव त्याला आठवत होती. म्हणजे उच्चारले होते. आवाज हलका, कुजबुजता, काचेपलीकडे न पोचणारा. ओठ मात्र सुस्पष्ट. हलक्या आवाजात बोलताना माणूस ओठ जास्तच आकार देऊन हलवतो, हेही त्याला आता, या बाकावर, प्रथम लक्षात येत होते.

आणि हे सगळे त्याला लहानपणापासून ठाऊक होते. परळच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली, पाचवीत असलेला तो, त्याची बहीण वसुधा, वर्षाआड येऊन जाऊन राहणारा कुणीतरी गाववाला. आणि या सगळ्यांच्या डोक्यांवरून, मोरीपाशी बसलेली आई आणि खाटेवर बसलेले वडील एकमेकांशी आवाज न करता बोलत. आई, विमलाबाई, गिरणीत कधी गेली नव्हती, पण लग्नानंतर वर्षभरात तिने ही बोली शिकून घेतली होती. दहा बाय बारात नवराबायकोला तेवढाच आडोसा होता. भाकरी थापता थापता ती ओठ हलवी, वडील भुवया उंचावीत, ती मान वळवून हसू लपवी. त्याला आणि वसुधाला तो खेळ वाटे. ती दोघेही तोंडे उघडमीट करीत, नुसतीच, काही न म्हणता, मग वडील गंभीर होऊन म्हणत, “चंदू, तू आता काय बोललंस म्हायत आसा? ‘म्हशीन माझा पुस्तक खाल्ल्यान.’ नि वसू म्हणता, ‘माका जॉबराशी लगीन करूचा आसा.’” वसुधा रडायची. गॅलरीत वडील उभे असले की समोरच्या चाळीतल्या बायका एकमेकींशी बोलताना पदर तोंडाला लावीत. ‘दत्तारामभावजी आयकतत’ असे म्हणत, आणि त्याला त्याचा अभिमान वाटे. आपले वडील रस्त्यापलीकडचे ऐकतात. मग तो मोठा झाला, त्याला वडिलांची ही विद्या गिरणीच्या कोंदट वासासारखी, केसांत अडकलेल्या कापसासारखी वाटू लागली. मुलुंडला ब्लॉक घेतला तेव्हा आई जाऊन वर्ष झाले होते. त्यानंतर त्या घरात त्या बोलीला माणूसच नव्हते. संपात गिरणी सुटली, वडील मुलुंडला आले, आणि संध्याकाळी टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून बातम्या पाहू लागले. तो जाता जाता बटण फिरवी, आवाज मोठा करी, वडील म्हणत, “राहू दे.” त्याला वाटे, म्हातारपण. एका बटणाच्या अंतरावर ती गोष्ट तीन वर्षे त्याच्या घरात बसून होती.

चिंचेचे एक वाळके पान त्याच्या बाहीवर पडले. त्याने ते झाडले नाही. आतून कुणाच्या तरी खोकल्याचा आवाज आला, भांड्याचा आला. आता मंगळवारची गोष्ट उरली होती, आणि तो तिच्याभोवती फिरत होता हे त्याला कळत होते.

आश्रमात आल्यापासून दत्ताराम पाटीवर रोज तेच लिहीत. चौथी शिकलेल्या माणसाचे जाड, वर चढत जाणारे अक्षर: ‘घरी कधी’. पहिल्या दिवशी लिहिले, दुसऱ्या दिवशी लिहिले. तो म्हणे, “बरं वाटलं की जाऊ.” वडील पाटी पुसत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच लिहीत; हट्टाने नव्हे, हजेरी लावावी तसे. मंगळवारी, म्हणजे परवा, तो यायच्या आधीच सिस्टर हिल्डाने त्याला व्हरांड्यात गाठले. “मिस्टर परब, बाबांना घरी जायचं आहे. सध्या दुखणं ताब्यात आहे, दोन-चार दिवस नेता येतील. पुढे नेता येणार नाहीत. औषध कसं द्यायचं, नळी कशी साफ करायची, आम्ही शिकवतो. आमची एक सिस्टर मुलुंडला येऊन बघून जाईल. घाबरायचं काही नाही.” तो काचेकडे तोंड करून उभा होता. वडील बघत होते. तो त्यांच्याकडे पाहून हसला आणि म्हणाला, “घरी नको, सिस्टर.” मग कारणे दिली. एकच खोली आणि स्वयंपाकघर. मुलीची, माणिकची, चौथीची परीक्षा. बायकोची नोकरी. ती सगळी कारणे खरी होती, खऱ्या मापांनी काढलेल्या आराखड्याइतकी खरी, आणि त्यांतले एकही कारण नव्हते. नकाराचे कारण होते तो आवाज. श्वास आत जाताना नळीतून येणारी बारीक शीळ, आणि बाहेर येताना ओली खरखर. ऑपरेशननंतर दोन महिने वडील घरी होते तेव्हा तो शेजारच्या गादीवर ती शीळ मोजत पडे. एका शिळेनंतर दुसरी येईपर्यंतचा जो वेळ असे त्यात तो काहीतरी इच्छी, आणि काय इच्छिले हे कळायच्या आत दुसरी शीळ येई. माणिकने एकदाच विचारले होते, “आजोबांचा आवाज त्या भोकातून पडला का गं, आई?” आणि मग ती त्यांच्या मांडीवर जाऊन बसली होती. माणिक घाबरत नव्हती. सिस्टरला मात्र त्याने सांगितले होते, “मुलगी घाबरते.”

त्या मंगळवारनंतर पाटीवर ‘घरी कधी’ आले नाही. मंगळवारी संध्याकाळी ‘चहा’ होते. बुधवारी ‘पंखा’. बुधवारी तो सुलक्षणाला म्हणाला होता, “औषध लागू पडलंय. एकदम शांत झालेत.”

तो उठला. घड्याळात पाच वाजून गेले होते. चूक कुणाच्याही हातून झाली असती, असे त्याने मनाशी म्हणून पाहिले, आणि ते खोटे आहे हे त्याला लगेच दिसले. दुसऱ्या कुणाच्या बापाला ते ओठ वाचता आले नसते. ही चूक करायला साचेवाल्याचा मुलगाच हवा होता. एक शेवटची, थोडीशी लाजिरवाणी आशा उरली होती: आजारात नजर अधू होते, काचेवर उजेडाची तिरीप पडते, कदाचित त्या दिवशी त्यांना दिसलेच नसेल. ही आशा तपासून पाहण्याची रीतही एकच होती. तो व्हरांड्यात गेला, सिस्टरच्या टेबलाजवळ नेहमीच्या जागी उभा राहिला. दार उघडे होते, पाच पावलांवर वडील होते, तरी तो आत गेला नाही. काचेकडे तोंड केले. आवाज न काढता, केवळ ओठांनी, लहानपणी करीत असे तसेच, पण या खेपेला तोंडात शब्द ठेवून, तो म्हणाला:

मंगळवारी मी नको म्हणालो.

दत्तारामांनी त्याच्याकडे पाहिले. ते पाहणे त्याला ओळखीचे वाटले. समोरच्या गॅलरीतली बाई पदर घ्यायला विसरली की ते असेच पाहत, जराही पुढे न झुकता. मग त्यांनी मान हलवली. होय. एवढेच. त्या होकारात काही चढउतार नव्हता. गिरणीत कुणी विचारावे, तीन नंबरचा साचा बंद आहे का, आणि ज्याला सकाळपासून ठाऊक आहे त्याने मान डोलवावी. मग त्यांचे ओठ हलू लागले. बराच वेळ हलले. कपाळावर आठी आली, गेली. एकदा डाव्या हाताने त्यांनी काहीतरी बाजूला सारले. खालचे दोन दात दिसले. मधेच थांबून त्यांनी श्वास घेतला, पडदा आत ओढला गेला, आणि पुन्हा बोलू लागले. आवाज गेल्यापासूनचे त्यांचे ते सर्वांत मोठे बोलणे होते. चंद्रप्रकाश काचेला इतका चिकटून उभा राहिला की त्याच्या श्वासाने काच धूसर झाली. त्यातला एक शब्द त्याला कळला नाही. आईला कळला असता. गुणाजीला कळला असता. बोलायला त्याला येत होते. ऐकायला तो कधी शिकलाच नव्हता.

तो आत गेला. खाटेशी स्टुलावर बसला आणि आवाज काढून म्हणाला, “बाबा, नाही समजलं मला.” सवयीने त्याचा हात पाटीकडे गेला. दत्तारामांनी त्याच्या आधी पाटी उचलली. ओल्या फडक्याने तिच्यावरचा ‘पंखा’ पुसला, पाटी पालथी केली आणि उशीखाली सारून दिली. पेन्सिलही त्यांनी तशीच आत ढकलली. मग स्वतःच्या ओठांवर बोट ठेवले, आणि तेच बोट त्याच्या डोळ्यांवर, आधी उजव्या, मग डाव्या पापणीवर टेकवले. त्या बोटाला औषधाचा आणि साबणाचा वास होता. कापसाचा वास कधीच गेला होता.

त्यांनी एक शब्द केला. सावकाश, नव्याने खात्यात आलेल्या बदली कामगारासमोर करावा तसा. ओठ मिटले नाहीत. दात जवळ आले, मग जबडा उघडला. “पाणी?” चंद्रप्रकाश म्हणाला. त्यांनी ओठ मिटून दाखवले, आणि मान हलवली: ओठ मिटतात का? बघ नीट. पुन्हा तोच शब्द. “चहा?” नाही. शेजारच्या खाटेवरचे म्हातारे, नंदकुमार प्रधान नावाचे निवृत्त पोस्टमास्तर, कुशीवर वळून पाहू लागले. “परीक्षा चाललीय का हो?” त्यांनी विचारले. “नापास होतोय,” चंद्रप्रकाश म्हणाला, आणि आपण गंमत केली याचे त्यालाच नवल वाटले. दत्तारामांचे खांदे हलले. मग त्यांनी त्याचा हात ओढून घेतला, उलटा केला, तळव्यावर बोटाने एक छोटा चौकोन काढला आणि चौकोनात अंगठा टेकवला. हे त्याला आठवले. गिरणीतली रजेची चिठ्ठी. ती मिळाली की वडील दारातूनच आईला हा चौकोन दाखवीत, आणि गावी जायच्या ट्रंका खाली निघत.

“रजा?”

त्यांनी डोळे मिटून उघडले. मग भुवया उंचावल्या, आणि पुढचा शब्द त्याने स्वतःच वाचला, कुणी न शिकवता: किती?

रजा किती.

तर तेही दिसले होते. पहिल्याच दिवशीचे. त्यात झालं तर बरं. तो वाट पाहत राहिला की आता लाज वाटेल, रडू येईल, पण तसले काही आले नाही. एका कामगाराने दुसऱ्या कामगाराला विचारलेला प्रश्न समोर होता आणि त्याला उत्तर हवे होते. गेल्या चार महिन्यांत वडिलांना दिलेल्या साऱ्या उत्तरांतून तो एखादे खरे शोधू लागला आणि त्याला सापडले नाही. हे पहिलेच असणार होते. त्याने एका हाताची पाच बोटे उघडली, दुसऱ्या हाताचा अंगठा जोडला. सहा.

दत्तारामांनी ती सहा बोटे काही वेळ पाहिली. मग त्यांनी जोडलेला अंगठा मिटवला. पाच बोटांच्या हाताची करंगळी मिटवली, अनामिका मिटवली. तिथे जरा थांबले, दम घेतला. मग अंगठाही आत दुमडला. दोन बोटे उभी राहिली, तर्जनी आणि मधले. ती दोन बोटे त्यांनी आपल्या मुठीत धरली. त्या मुठीत अजूनही इतकी ताकद होती. आणि त्यांच्या ओठांनी जो शब्द केला तो वाचण्यासाठी चंद्रप्रकाशला काही शिकावे लागले नाही. घरी. चार दिवस मरणासाठी आणि त्यानंतरच्या गोष्टींसाठी राखून, दोन घरी. ते विनवीत नव्हते, रागावलेही नव्हते. संपात उतरलेला, हरलेला, आणि तरीही बोलणी करणे म्हणजे काय हे न विसरलेला माणूस आपली मागणी सहावरून दोनवर आणून समोर बसला होता.

नळीतून शीळ आली. मग खरखर. मग मधला तो वेळ आला, ज्यात तो काहीतरी इच्छीत असे. त्याने लक्ष देऊन पाहिले. या खेपेला त्या वेळात त्याला नुसती माणिक दिसली, आजोबांच्या मांडीवर बसून टीव्हीचा आवाज मोठा करणारी, आणि आजोबांचा हात, तो पुन्हा बंद करणारा. ब्लॉक दिसला, खाट भिंतीशी लावली तर बाल्कनीचे दार अर्धेच उघडेल, हे माप आपोआप डोक्यात आले. भीती होती. ती कुठे गेली नव्हती, जाणारही नव्हती; तिच्यासाठीही जागा काढावी लागणार होती.

व्हरांड्यात किल्ल्या वाजल्या. सहाचे औषध घेऊन सिस्टर हिल्डा आत आली. एका हातात तपकिरी बाटली, दुसऱ्यात मापाची छोटी वाटी. ती चंद्रप्रकाशच्या पाठीमागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “काय बाबा, आज पाटी कुठे गेली?” तिला उत्तर द्यायचे तर त्याला वळावे लागले असते, आणि वळले असते तर त्याचे तोंड वडिलांना दिसले नसते. गुणाजी काय म्हणाला होता, ते त्याला आठवले: पाठ करून. तो वळला नाही. स्टुलावर होता तसाच बसून राहिला, दोन बोटे त्या मुठीत ठेवून, चेहरा सरळ खाटेकडे धरून, आणि मागे उभ्या असलेल्या बाईला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, पण एकेका शब्दाला ओठांचा पूर्ण आकार देत, सावकाश म्हणाला,

“सिस्टर, हे औषध कसं मोजायचं ते मला आता दाखवा. उद्याचं सहाचं मी घरी देणार आहे.”

दत्ताराम त्याच्या ओठांकडे पाहत होते. शब्द संपले तरी थोडा वेळ ते पाहत राहिले, मग त्यांनी त्याची बोटे सोडली आणि वाटीसाठी तोंड उघडले.